'येतो म्हणून म्हणाला' हे मराठी चूक आहे का? दोन वाक्यं जोडणाऱ्या छोट्या शब्दांची मोठी गोष्ट

मराठवाड्यातल्या बोलीवर केलेल्या रील्सखाली एक कमेंट हमखास असते: "आधी शुद्ध मराठी शिका." ही कमेंट 'लई' किंवा 'न्हाई'वर असेल तर निदान कारण कळतं. पण बऱ्याचदा ती वेगळ्याच गोष्टीवर असते. धाराशिव, लातूरकडचा माणूस "उद्या येतो म्हनून म्हनला" असं बोलतो आणि पुण्या-मुंबईकडच्या कानाला ते खटकतं. 'म्हणून म्हणाला' काय? 'म्हणाला की उद्या येतो' असं म्हणायला हवं ना?

इथे गंमत अशी, की ज्या 'की'ला शुद्ध समजलं जातंय तो या वापरात बहुतेक फारसीतून आलेला आहे. आणि ज्या 'म्हणून'ला गावंढळ समजलं जातंय तो अस्सल मराठी क्रियापदातून तयार झालेला आहे.

या दोन्ही शब्दांना व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात. उभय म्हणजे दोन, अन्वय म्हणजे संबंध. दोन शब्दांचा किंवा दोन वाक्यांचा संबंध जोडणारा, आणि लिंग-वचन बदललं तरी स्वतः न बदलणारा शब्द. आणि, व, पण, परंतु, किंवा, की, म्हणून, कारण, जर-तर, हे सगळे त्यातले. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना यांचे आठ प्रकार तोंडपाठ असतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक आणि पुढचे चार. त्या यादीत आपण जाणार नाही. मात्र त्यातला 'स्वरूपबोधक' हा प्रकार उघडून पाहा. तिथे साधारणपणे चार शब्द दिलेले असतात: म्हणजे, की, म्हणून, जे. म्हणजे 'येतो म्हणून म्हणाला' मधल्या 'म्हणून'ला शाळेच्या व्याकरणाने कधीच परवानगी दिलेली आहे. कमेंट करणाऱ्याने तेवढं पान वाचलेलं नसतं, इतकंच.

हा 'म्हणून' आला कुठून?

सरळ आहे. म्हणणे या क्रियापदाला '-ऊन' लागला: म्हणून, म्हणजे 'असं म्हणून झाल्यावर'. जसं जाऊन, येऊन, खाऊन. आधी बोललेले शब्द जसेच्या तसे, मग 'म्हणून', मग मुख्य क्रियापद. 'उद्या येतो' असं म्हणून तो बोलला.

पुढे या शब्दाने हातपाय पसरले. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात कोणी काही म्हणत नाही, तिथे तो कारण सांगतो. 'शिक्षक म्हणून लागला' यात तो भूमिका सांगतो. 'आमच्याकडे पाटील म्हणून एकजण आहेत' यात तो नाव सांगतो. एकाच शब्दाची चार कामं, आणि त्यातली तीन प्रमाण मराठीत कोणालाच खटकत नाहीत. खटकतं ते फक्त पहिलं, मूळचं काम.

आता नकाशा पाहा. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेला उमरगा आणि लोहारा तालुके. त्यांच्या पलीकडे कर्नाटकातले बीदर आणि कलबुर्गी जिल्हे. सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग नळदुर्ग, उमरगा करत थेट बसवकल्याणच्या बाजूला उतरतो. या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात बोलल्या जात आहेत, तांड्यांवर गोरमाटी आहे आणि हाच रस्ता पुढे तेलुगू मुलखात जातो. आता तेच वाक्य या भाषांमध्ये ऐका.

कन्नड: नाळे बर्तीनि अंत हेळिद.
तेलुगू: रेपु वस्तानु अनि चेप्पाडु.
दखनी: कल आतूँ बोलके बोल्या.
मराठी: उद्या येतो म्हणून म्हणाला.

शब्द सगळे वेगळे. पण पहिल्या शब्दाखाली पहिला, दुसऱ्याखाली दुसरा ठेवत जा, रांग चुकत नाही. कन्नडमधलं 'अंत' आणि तेलुगूमधलं 'अनि' हेही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंपासूनच आलेले आहेत. दखनीने तर 'बोलके' असं उघड उघड भाषांतरच केलंय. उत्तरेतल्या हिंदी-उर्दूत हे वाक्य 'उसने कहा कि' असं सुरू झालं असतं. दखनी बोलणाऱ्याने शब्द उत्तरेचे ठेवले आणि बांधणी शेजाऱ्यांची घेतली.

अशा प्रकारावर एक गाजलेला अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू अशा भाषा होत्या. प्रत्येक समाजाने आपापली घरची भाषा सोडली नव्हती, पण रोजच्या व्यवहारात या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत होतं. जगभरातल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही कुपवाडचं उदाहरण देतात.

मग 'म्हणून' आपल्याला कन्नडने दिला, असं म्हणायचं का? इतक्या पटकन नको. संस्कृतमध्ये 'श्वः आगमिष्यामि इति सः अवदत्' अशीच रचना आहे. फक्त 'म्हणून'च्या जागी 'इति'. फ्रान्सिस्कस काउपर या डच अभ्यासकाने १९६७ साली असं मांडलं, की संस्कृतमधला हा 'इति'चा वापरसुद्धा द्राविड भाषांच्या सहवासातून वाढला असावा. त्यावर अजून वाद आहेत. शिवाय बंगालीत 'बोले' आणि नेपाळीत 'भनेर' अशाच कामाला येतात, आणि नेपाळच्या शेजारी काही कन्नड नाही. हमाँग ही दक्षिण चीन, लाओस, व्हिएतनामच्या डोंगरांतली भाषा. तिच्यातही 'मला माहीत आहे की' म्हणताना 'माहीत'च्या पुढे 'बोलणे' या अर्थाचा शब्द येतो. त्या लोकांचा आणि उमरग्याचा कधी संबंध आला नाही. तेव्हा 'म्हणणे'चा जोडशब्द होणं ही माणसाच्या भाषेला सहज सुचणारी वाट आहे. मराठीत ती वाट होतीच. कन्नड शेजारामुळे ती या भागात मोडली नाही, उलट रुळत गेली. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं.

आणि 'की'?

जुन्या मराठीत 'कीं' होता. ज्ञानेश्वरीत तो सापडतो, पण तिथे त्याचं एक ठळक काम 'किंवा' असं आहे: हे, कीं ते? आजच्या 'चहा की कॉफी?' मधला 'की' त्याच घराण्यातला.

'तो म्हणाला की' मधला 'की' मात्र वेगळा. फारसीत 'गुफ्त के', म्हणजे 'म्हणाला की', अशी रचना आहे आणि हिंदी-उर्दूतला 'कि' तिथूनच आला. मराठीतही हा वापर फारसी दरबारी लिखाणातून रुजला असं बहुतेक अभ्यासक मानतात. जुन्या 'कीं'शी त्याचा उच्चार जुळला आणि दोघे एकाच शब्दात मिसळून गेले, म्हणून तो परका वाटत नाही. त्याआधी हे काम कोण करत होतं? 'जे'. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रं पाहिलीत तर 'विज्ञापना ऐसीजे' अशी सुरुवात दिसते. 'विनंती अशी की' याचंच ते जुनं रूप.

फारसीने आपल्याला फक्त 'की' दिला नाही. 'व' पण तिचाच मानतात. फारसी लिपीत 'आणि' या अर्थाचं एक अक्षर आहे, ते कधी 'व' तर कधी 'ओ' असं उच्चारतात. नामोनिशाण हा शब्द फोडा: नाम-ओ-निशाण. शानोशौकत: शान-ओ-शौकत. या शब्दांच्या पोटातला 'ओ' आणि 'जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक' यातला 'व' ही एकाच शब्दाची दोन रूपं. 'शिवाय', 'बाकी' हे अरबी-फारसी. आणि सरकारी आदेशात परिच्छेदाच्या सुरुवातीला डौलात बसलेला 'सबब'? अरबी 'सबब', म्हणजे कारण.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तारखेऐवजी दिनांक, मेयरऐवजी महापौर असे शब्द दिले आणि त्यातले कितीतरी टिकले. नामं बदलता आली. पण 'की' आणि 'व' यांना कोणी हात लावू शकलं नाही. शुद्धीचा आग्रह धरणारी वाक्यंसुद्धा 'की'ने आणि 'व'नेच जोडली जात राहिली. नाम बदलणं म्हणजे भिंतीवरची पाटी बदलण्यासारखं आहे, जोडशब्द मात्र भिंतीच्या आतली वीट असतो.

आता धाराशिवकडे परत. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे बदलून धाराशिव झालं. संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती, उच्च शिक्षण देणारं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. म्हणजे पुणे-सातारा भागात फारसीचा सरकारी प्रभाव पेशवाईनंतर ओसरला, इथे मात्र उर्दूचा १९४८ पर्यंत चालू होता. तरीसुद्धा फारसी-उर्दू वळणाचा 'म्हणाला की' पुण्यात प्रमाण झाला आणि जिथे उर्दू कचेरी होती त्या धाराशिवमध्ये बोलण्यात 'म्हणून' टिकला. का? कारण कचेरीची भाषा कागदावर होती. शेतात, आठवडी बाजारात, देवळाच्या ओट्यावर शेजार होता तो कन्नडचा आणि दखनीचा, आणि तिथे वाक्य 'अंत' आणि 'बोलके'नेच जोडलं जात होतं.

याने फरक काय पडतो?

'पैसे तो देईल' आणि 'पैसे मी देईन' इतका.

हे वाक्य पाहा: 'रमेशने सुरेशला सांगितलं की तो पैसे देईल.' कोण देणार? रमेश की सुरेश? की तिसराच कोणी? सांगता येत नाही. बातम्यांमध्ये अशी वाक्यं रोज असतात, कारण ती इंग्रजी बातमीवरून पटकन मराठीत आणलेली असतात आणि इंग्रजीत बोलणाऱ्याचा 'मी' दुसऱ्याने सांगताना 'तो' होतो.

आता गावाकडचं वाक्य: 'पैसे देईन म्हणून रमेशनं सुरेशला सांगितलं.' संपला प्रश्न. 'देईन' म्हणजे बोलणारा, म्हणजे रमेश. मूळ बोलणं जसंच्या तसं ठेवायचं आणि मागून 'म्हणून'चा खिळा ठोकायचा, ही या रचनेची ताकद आहे. उसनवारीच्या भांडणात, साक्षीत, पंचायतीत हे महत्त्वाचं असतं. प्रमाण मराठीतही 'रमेश म्हणाला, की मी देईन' असं लिहिता येतं आणि जुने लेखक तसंच लिहीत. 'की'मध्ये दोष नाही. दोष आहे 'की'नंतर मराठीचा 'मी' सोडून देण्यात.

दुसरं उदाहरण पेरणीचं. धाराशिव पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा जिल्हा. जून महिन्यात इथलं सगळं बोलणं एका वाक्याभोवती फिरतं, आणि त्या वाक्याचा अर्थ मधल्या एका शब्दावर ठरतो.

'पाऊस पडला तर पेरू.' पडेलच असं नाही. न पडला तर बियाणं घरात.

'पाऊस पडला की पेरू.' पडणार हे धरलेलं आहे, फक्त वेळेची वाट आहे.

'पाऊस पडला म्हणजे पेरू.' जवळपास तेच, पण जरा सावकाश, घाई नाही.

'पाऊस पडला तरी पेरणार नाही.' एका सरीवर विश्वास नाही. मागच्या वर्षी पोळलेला माणूस बोलतोय.

'पाऊस पडला म्हणून पेरलं.' पडला, पेरलं. झालं.

'पाऊस पडेल म्हणून पेरलं.' हे सगळ्यांत अवघड वाक्य. इथे पाऊस पडलेला नाही. 'पडेल' असं मनाशी म्हणून पेरलं. दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याचं वाक्य हेच असतं. 'पडला' आणि 'पडेल' एवढाच फरक, जोडशब्द तोच. पण पहिल्यात 'म्हणून' घडलेलं कारण सांगतो आणि दुसऱ्यात मनातली आशा.

कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला असतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. (या 'झाल्याशिवाय'मध्ये तोच 'शिवाय' आहे, फक्त इथे तो शब्दयोगी झालाय.) हाच सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत 'पाऊस झाला की पेरणी करा' असा झाला, तर आकडा तर गेलाच, 'झाल्याशिवाय नको' मधला ब्रेकही गेला. असा मेसेज पुढे पाठवण्याआधी मधला शब्द एकदा तपासा. तुम्ही शेती करत नसाल, पण ज्याला पाठवताय तो करत असेल.

'चहा किंवा कॉफी घेणार?' याचं उत्तर 'हो' का येतं?

कारण प्रश्नच तसा आहे. 'चहा किंवा कॉफी घेणार?' म्हणजे या दोहोंपैकी काहीतरी घेणार का. उत्तर हो किंवा नाही. 'चहा घेणार की कॉफी?' म्हणजे काहीतरी घेणार हे नक्की, कोणतं ते सांगा. इथे 'हो' म्हटलं तर हसं होईल.

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. फरक फक्त आवाजाच्या चढउतारातून कळतो. मराठीने दोन वेगळे शब्द ठेवलेत. चिनी आणि फिनिश भाषाही असाच भेद ठेवतात. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये, मोबाईल अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीत हा भेद सर्रास पुसला जातो. 'तुम्ही मालक किंवा भाडेकरू आहात?' असं विचारतात. हो, आहे. माणूस एकतर मालक असणार किंवा भाडेकरू!

याहून महाग पडतो तो 'किंवा' आणि 'व' यांचा एकाच वाक्यातला संसार. समजा, एखाद्या योजनेच्या कागदपत्रांच्या यादीत लिहिलंय: 'आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र व बँक पासबुक.' आता पासबुक सगळ्यांनी आणायचं, की फक्त मतदार ओळखपत्र आणणाऱ्यांनी? गणितात कंस असतात. भाषेत नसतात. खिडकीमागचा माणूस एक अर्थ लावतो, खिडकीपुढचा दुसरा, आणि भूम-परंड्याकडून आलेल्या माणसाचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं. उपाय फार मोठा नाही. दोन वाक्यं करायची. 'आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, यापैकी एक आणा. त्याशिवाय बँक पासबुकही आणा.' ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर नोटीस टाकणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

बँकेतल्या संयुक्त खात्याचंही तसंच. खातं दोघांच्या नावावर आहे एवढं पुरत नाही. व्यवहार 'दोघांच्या सहीने' आहे की 'दोघांपैकी कोणाही एकाच्या किंवा हयात असलेल्याच्या सहीने' आहे, हे आई-वडिलांच्या पासबुकात आजच बघून ठेवा. एक जण गेल्यावर त्या 'किंवा'ची किंमत कळते.

जोडशब्दच नको असतात तेव्हा

'मी तुळजापूरला गेलो आणि दर्शन घेतलं आणि जेवलो आणि सोलापूरला गेलो.' वाक्य चूक नाही, पण लहान मुलाने सांगितल्यासारखं वाटतं. मराठी माणूस सहसा म्हणतो: 'तुळजापूरला जाऊन, दर्शन घेऊन, जेवून सोलापूरला गेलो.' एकही 'आणि' नाही. '-ऊन' सगळं ओवून घेतो. ही फक्त मराठीची खोड नाही. कॉलिन मसिका या अभ्यासकाने १९७६ साली दक्षिण आशियातल्या भाषांच्या समान लकबींचे नकाशे काढले, त्यातली ही एक ठळक लकब. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भाषा, कुळं वेगळी असूनही, या बाबतीत एकमेकींसारख्या वागतात.

शब्द जोडतानाही आपण 'आणि' वाचवतो. आईबाप, मीठभाकरी, देणंघेणं, रानोमाळ. आणि मराठवाड्यात 'ही'ऐवजी 'बी': 'त्यो बी आला, ती बी आली.' भाषांतरित जाहिराती ओळखायच्या असतील तर 'आणि' मोजा. ज्या मराठी परिच्छेदात ओळीओळीला 'आणि' दिसतो, तो बहुधा आधी इंग्रजीत लिहिलेला असतो.

आता 'बट' आणि 'सो'ची पाळी

कोणत्याही मराठी व्लॉगमध्ये दोन मिनिटं थांबा. 'सो आज आपण आलोय नळदुर्गच्या किल्ल्यावर... बट इथे पार्किंगचा इश्यू आहे.' 'सो' आहे, 'बट' आहे. पण 'अँड' त्या मानाने फार कमी. हा योगायोग नाही. यारोन मात्रास या भाषावैज्ञानिकाने १९९८ साली अनेक द्विभाषिक समाजांचं बोलणं तपासून एक क्रम मांडला: परक्या भाषेतून जोडशब्द येतात तेव्हा 'पण' आधी येतो, मग 'किंवा', सगळ्यात शेवटी 'आणि'. 'पण' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याची अपेक्षा मोडत असतो, त्या क्षणी डोक्यावर ताण जास्त असतो, आणि तिथेच दुसरी भाषा निसटून बाहेर येते, असं त्याचं कारण. मघाच्या हमाँग भाषेतही 'पण'साठीचा रूढ शब्द 'ताशी' हा चिनीतून आलेला मानतात.

मग फारसीच्या वेळी उलटं का झालं? तेव्हा 'पण' घरचाच राहिला, तो संस्कृत 'पुनः'पासून प्राकृतातून आलेला, आणि 'व' बाहेरून आला. मला वाटतं उत्तर पुन्हा कागदात आहे. मात्रास यांचा क्रम तोंडी बोलण्याचा आहे. 'व' आला कारकुनाच्या लेखणीतून, जिथे दिवसभर नावं आणि रकमा एकाखाली एक जोडायच्या असतात. म्हणूनच आजही 'व' लिहिला जातो, बोलला क्वचितच जातो. बोलताना आपण 'अन्', 'नि', 'आन्' म्हणतो. हे सगळे 'आणि'चे सगे, आणि 'आणि' संस्कृत 'अन्य'च्या कुळातला. 'मीठ व भाकर दे' असं कोणी आईला म्हणत नाही.

रील्समधला आणखी एक नवा पाहुणा म्हणजे 'जे की'. 'हा किल्ला, जो की सोळाव्या शतकातला आहे...' हिंदीतल्या 'जो कि'वरून तो आलाय, आणि बहुतेक वेळा नुसत्या 'जो'ने काम भागतं. पण तो अगदीच नवा आहे असंही नाही. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या जुन्या मसुद्यांत 'विनंती अर्ज ऐसा जे' अशी सुरुवात असे, आणि कधी कधी त्याला पुढे एक 'की'ही जोडलेला सापडतो. शिवकालीन पत्रांतला मराठी 'जे' आणि दरबारी फारसीतला 'की', एकाच कामासाठी, शेजारी शेजारी.